यकृत बिघडले की डॉक्टर शौचाची चौकशी का करतात? आतड्यातले जिवाणू आणि यकृताचे आजार

गोदाकाठ (धागाकर्ती)

माझे थोरले दीर ६१ वर्षांचे असून नाशिकच्या सिडकोत राहतात. त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. मात्र जुना मधुमेह आणि त्याच्या जोडीने आलेले फॅटी लिव्हर (यकृतात चरबी साठणे) यांतून त्यांना सिरॉसिस, म्हणजे यकृतात व्रण धरून ते कडक होण्याचा आजार, झाल्याचे दोन वर्षांपूर्वी समजले. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी बँकेच्या फॉर्मवर सही करताना त्यांची अक्षरे एकमेकांत शिरू लागली. तीन फॉर्म वाया गेले. रात्री जेवणानंतर त्यांनी आपल्या चपला फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या आणि जाऊबाईंनी हटकल्यावर त्यांच्यावरच खेकसले. अर्धांगाचा झटका असावा या भीतीने आम्ही त्यांना रुग्णालयात नेले, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरने त्यांचे हात पुढे करून पंजे वर उचलायला लावले, ते पंजे फडफडलेले पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "यांना शौचाला शेवटचे कधी झाले?"

जाऊबाईंना तो प्रश्न त्या वेळी अपमानास्पदच वाटला. खरे उत्तर असे होते, की चार दिवस झाले नव्हते, आणि त्याला जबाबदार आम्ही होतो. त्यांना रोज घ्यायला सांगितलेले गोड, चिकट औषध आम्हीच बंद केले होते, कारण वणीला देवीच्या दर्शनाला जायचे होते आणि बसमध्ये पोट बिघडले तर पंचाईत होईल असे सर्वांना वाटले. रुग्णालयात तेच औषध एनिमावाटे आणि नंतर तोंडाने दिले गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजींनी चहा मागितला आणि फ्रिजमध्ये चपला कोणी ठेवल्या म्हणून आम्हालाच दटावले.

मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले, तरीही बद्धकोष्ठामुळे माणसाची सही बदलते हे मला ठाऊक नव्हते. तेव्हापासून जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून पक्के केले ते येथे मांडत आहे. चुकले तेथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट येत नाही. ते आतडी, जठर, प्लीहा आणि स्वादुपिंड यांतून फिरून पोर्टल शिरेवाटे येते. त्यामुळे अन्नातून जे शोषले जाते, आणि आतड्यात राहणारे अब्जावधी जिवाणू जे काही तयार करतात, ते बाकीच्या शरीराला मिळण्याआधी यकृताच्या हाती पडते. जिवाणू प्रथिनांचे आणि युरियाचे विघटन करतात तेव्हा अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि तो लघवीवाटे निघून जातो. सिरॉसिसमध्ये यकृताच्या पेशी कमी उरतात, शिवाय आत व्रण धरल्यामुळे रक्ताला वाट मिळत नाही आणि ते आडवाटांनी यकृताला वळसा घालून निघून जाते. अमोनिया मग मेंदूपर्यंत पोहोचतो आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो.

हा शोध जुना आहे. निकोलाय एक या रशियन शल्यविशारदाने १८७७ मध्ये कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून पोर्टल शिरेतले रक्त यकृताला टाळून थेट मोठ्या शिरेत सोडले. पुढे १८९३ मध्ये पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच कुत्रे पाळून पाहिले, तेव्हा मांस खाल्ले की ते कुत्रे बिथरत, अडखळत आणि बेशुद्ध पडत असे त्यांना आढळले. घंटा वाजवून कुत्र्यांच्या तोंडाला पाणी आणणारे म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच हे पावलोव्ह.

आता त्या गोड औषधाविषयी. लॅक्टुलोज ही माणसाला न पचणारी साखर आहे. ती लहान आतड्यातून जवळजवळ जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तेथील जिवाणू तिला आंबवतात. त्यातून आम्ले तयार होतात. आम्लाच्या सान्निध्यात अमोनियाचे अमोनियम होते, ते आतड्याच्या भिंतीतून सहज शोषले जात नाही आणि शौचावाटे बाहेर पडते. जिवाणूंनी तयार केलेला अमोनिया जिवाणूंनाच खाऊ घातलेल्या साखरेने अडवायचा, हा डाव मला फार आवडला. यकृतावरचा हा उपचार यकृताला स्पर्शही करीत नाही.

माझा प्रश्न असा आहे. अमोनियाची गोष्ट समजली, पण यकृताचा आजार मुळात सुरू होण्यात किंवा वाढण्यातही या जिवाणूंचा हात असतो काय?

अंबड_सेकंडशिफ्ट

ताई, लेख वाचून घाम फुटला. माझे वय ३८ आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीमध्ये 'ग्रेड दोन फॅटी लिव्हर' असे लिहून आले. मीही दारू पीत नाही. डॉक्टरांनी वजन उतरवा एवढेच सांगितले आणि मी तो कागद कपाटात ठेवून दिला. माझ्या आतड्यात असे काही चालू असेल का, आणि ते तपासता येते का?

प्रयोगशाळा

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे गोदाकाठताईंच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. थोडे लांबेल.

आतड्याच्या आतल्या अस्तराला पेशींचा एकच थर असतो. या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून असतात आणि त्यांच्यावर श्लेष्म्याचा लेप असतो. एवढ्या पातळ भिंतीच्या एका बाजूला जिवाणूंची वस्ती आणि दुसऱ्या बाजूला रक्त आहे. जिवाणूंपैकी एका मोठ्या गटाच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. जिवाणू मेल्यावर तो सुटतो आणि रक्तात मिसळला तर विषासारखा वागतो. निरोगी माणसातही त्यातला थोडा अंश पोर्टल शिरेत झिरपत असतो. त्यासाठी यकृतात कुप्फर पेशी नावाचे पहारेकरी नेमलेले आहेत, आणि ते तो अंश गाजावाजा न करता गिळून टाकतात.

भिंत सैल झाली की झिरपणे वाढते. कुप्फर पेशींच्या पृष्ठभागावर टीएलआर-४ नावाचा ग्राहक, म्हणजे संकेत टिपणारा रेणू, असतो, तो या पदार्थाला ओळखतो आणि दाह पेटवणारी रसायने सोडायला लावतो. हे रोज, थोडे थोडे, वर्षानुवर्षे चालू राहिले, तर यकृतातल्या ताऱ्यासारख्या आकाराच्या काही पेशी जाग्या होऊन तंतू विणू लागतात. जखम भरताना व्रण धरतो तसे हे तंतू असतात, आणि त्यांचे जाळे पूर्ण झाले की त्यालाच आपण सिरॉसिस म्हणतो. सिरॉसिसमध्ये पोर्टल शिरेतला दाब वाढतो, त्याने आतडे सुजते आणि भिंत आणखी सैल होते. हे चक्र नेमके कोठून सुरू झाले, ते रुग्णाकडे पाहून सांगता येत नाही.

केवळ जिवाणू बदलून चरबी वाढते काय, हे उंदरांवर पाहिले गेले आहे. जन्मापासून जंतुविरहित पेटीत वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात सामान्य उंदरांचे जिवाणू सोडले, तेव्हा दोन आठवड्यांत त्यांच्या अंगातली चरबी सुमारे ६० टक्के वाढली, आणि तीसुद्धा ते पूर्वीपेक्षा कमी खात असताना. अमेरिकेतल्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने हे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. आपण जो चोथा पचवू शकत नाही त्यातूनही जिवाणू ऊर्जा काढून देतात आणि यकृताला चरबी बनवण्याची सूचनाही पोहोचवतात.

माणसांतला एक निष्कर्ष याहून अजब आहे. २०१९ मध्ये चीनमधील संशोधकांना असा एक रुग्ण भेटला, ज्याच्या रक्तात दारू न पिताही मद्यार्क सापडत असे. शोध घेता त्याच्या आतड्यातील क्लेब्सिएला न्युमोनिए या जिवाणूचा एक प्रकार साखरेपासून मद्यार्क तयार करताना आढळला. त्यांनी तपासलेल्या फॅटी लिव्हरच्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांमध्ये असे मद्यार्क बनवणारे प्रकार मिळाले. म्हणून अंबडच्या मित्रांनी आपल्या पोटात भट्टी लागली असे लगेच समजू नये. तो एका देशातील मर्यादित गटाचा अभ्यास आहे, आणि जिवाणू सापडणे व त्याने आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपले खाणे बदलले की आठवडाभरात जिवाणूंची वस्तीही बदलते. तेव्हा फॅटी लिव्हर आणि बदललेली वस्ती हे दोन्ही एकाच तेलकट ताटाचे परिणामही असू शकतात.

बागाईतदार

आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे. नाशिक वाइनची राजधानी झाल्यापासून आमच्याकडे 'द्राक्षाचीच तर आहे, तब्येतीला चांगली' हे वाक्य लग्नातही ऐकू येते. माझा पुतण्या बियर पितो आणि वाइनवाल्यांना हसतो. त्याचा मित्र त्याच्या दुप्पट पितो, पण काविळीने अंथरूण धरले ते पुतण्याने. आम्ही हा नशिबाचा भाग मानला. त्यामागे जिवाणूंचे काही कारण असेल का?

प्रयोगशाळा

बागाईतदारदादा, आधी हिशेब पाहू. १२ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटर पेल्यात साधारण १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत तो ४१ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे 'एकच बाटली' घेणारा माणूस वाइनचे तीन पेले रिचवत असतो. यकृताला द्राक्ष आणि जव यांतला फरक कळत नाही.

नशिबाविषयी म्हणाल तर अनुवंश, वजन, लिंग, उपाशीपोटी पिण्याची सवय, सोबतचा हेपॅटायटिस बी किंवा सी, हे सारे त्यात येते. जिवाणूंचा वाटाही आता समोर येत आहे. मद्यार्क आणि त्यापासून होणारे ॲसिटाल्डिहाइड आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल करतात, त्यामुळे मी वर सांगितलेले झिरपणे वाढते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्न्ड श्नाबल यांच्या गटाने 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवले, की दारूमुळे होणाऱ्या तीव्र हेपॅटायटिसच्या (यकृताच्या दाहाच्या) काही रुग्णांच्या आतड्यात एंटेरोकॉकस फिकॅलिस जिवाणूची अशी जात असते, जी सायटोलायसिन नावाचे पेशी फोडणारे विष बनवते. हे विष बनवणारी जात ज्यांच्यात होती त्यांचे आजार अधिक गंभीर होते आणि मृत्यूही अधिक होते. त्यांनी त्या जिवाणूंनाच खाणारे विषाणू शोधून उंदरांना दिले, तेव्हा उंदरांच्या यकृताची इजा कमी झाली. पुतण्याच्या पोटात नेमके काय होते हे आपल्याला कधी कळणार नाही, पण एकाच गुत्त्यावर बसणाऱ्या दोघांची यकृते वेगळी का वागतात, याच्या उत्तराचा एक तुकडा येथे असावा.

पुतण्यासाठी उपचार मात्र एकच आहे आणि त्यात सूक्ष्मजीवशास्त्र नाही. पूर्ण बंद.

स्टेथोस्कोप

मी पोटविकारतज्ज्ञ आहे आणि बाह्यरुग्ण विभाग संपवून रात्री हे लिहीत आहे. धागा चांगला चालला आहे, पण काही दुरुस्त्या आवश्यक वाटतात.

पहिली गोष्ट, सगळा अमोनिया जिवाणूंचा नसतो. लहान आतड्याच्या स्वतःच्या पेशीही ग्लुटामिन हे अमिनो आम्ल वापरताना अमोनिया सोडतात, आणि मूत्रपिंड व स्नायू यांचाही त्या हिशेबात भाग असतो. स्नायू अमोनिया शोषून घेतात, म्हणून सिरॉसिसमध्ये रुग्ण हडकुळा होत जाणे फार वाईट. पूर्वी अशा रुग्णांचे प्रथिन तोडण्याची पद्धत होती आणि आजही घरोघरी 'डाळ बंद' केलेली दिसते. ही पद्धत आता आम्ही चुकीची मानतो. रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन मिळाले पाहिजे. डाळी, दूध, दही यांतले प्रथिन मांसाच्या तुलनेत अधिक सोसते, आणि डाळीतला चोथा पोटही साफ ठेवतो. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खाल्ले पाहिजे, कारण या यकृताकडे रात्रभर पुरेल इतका साखरेचा साठा उरलेला नसतो.

दुसरी गोष्ट, लॅक्टुलोज 'जुलाबाचे औषध' म्हणून देऊ नका आणि जुलाब होतात म्हणून बंदही करू नका. दिवसातून दोन ते तीन मऊ शौच हे आमचे माप आहे. त्यापेक्षा कमी झाले तर मात्रा वाढवायची, पाच-सहा वेळा पाण्यासारखे होऊ लागले तर कमी करायची. कारण अंगातले पाणी आणि क्षार निघून गेले तर त्यानेही रुग्ण तितकाच भ्रमिष्ट होतो. गोदाकाठताई, वणीच्या प्रवासासाठी औषध बंद करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत. माझ्याकडे लग्नासाठी, दहाव्यासाठी आणि निवडणुकीच्या ड्यूटीसाठी बंद करणारे आलेले आहेत.

तिसरी गोष्ट रिफॅक्सिमिनची, जिचा उल्लेख अजून आला नाही. हे प्रतिजैविक आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरत नाही, म्हणून त्याचे काम आतड्यापुरते राहते. २०१० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात २९९ रुग्णांवरचा सहा महिन्यांचा अभ्यास आला. त्यात औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना भ्रमाचा झटका पुन्हा आला, तर रिफॅक्सिमिन घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांना. दोन्ही गटांतले बहुतेक रुग्ण लॅक्टुलोजही घेत होते. हे औषध महाग आहे आणि महिनोन्महिने घ्यावे लागते, त्यामुळे कुटुंबाशी खर्चाची चर्चा केल्याशिवाय मी ते लिहीत नाही.

आणि पोटातल्या पाण्याविषयी. जलोदर झालेल्या रुग्णाच्या पोटातले पाणी बाहेरून काही टोचले नसतानाही दूषित होते. आतड्यातले ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारखे जिवाणू भिंत ओलांडून त्या पाण्यात पोहोचतात. ताप येईलच असे नाही. कधी फक्त पोट दुखते, कधी फक्त रुग्ण गुंगतो. असे झाले तर त्याच दिवशी पाणी काढून तपासावे लागते. आम्लपित्तासाठी रोज सकाळी सवयीने घेतली जाणारी गोळीही येथे विचारात घ्यावी. जठरातले आम्ल जंतू मारते. ते वर्षानुवर्षे दाबून ठेवले तर असे संसर्ग वाढतात असे आढळले आहे. गरज असेल तर गोळी घ्यावीच, पण ती का चालू आहे हे वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना विचारावे.

पंचवटी_जुना_वाडा

आमच्या आजोळी पेठ तालुक्यात नागलीची आंबील आणि घरचे ताक रोज असे. आजीच्या मते अर्धे दुखणे ताकाने जाते. आता तीच गोष्ट कॅप्सूलमध्ये भरून 'इतके अब्ज जिवाणू' म्हणून विकतात. माझ्या व्याह्यांनी एका कंपनीकडे शौचाचा नमुना पाठवून पंधरा पानी अहवाल मागवला. त्यात रंगीत चकत्या होत्या, आणि शेवटच्या पानावर त्याच कंपनीची पूड घ्या असे होते. ही पूड यकृतासाठी घ्यावी का? आणि यकृतासाठी गुळवेलीचा काढा चालेल का, हेही सांगावे.

स्टेथोस्कोप

पूड विकणाऱ्यानेच तपासणी करावी आणि तिच्यात पुडीचीच कमतरता निघावी, यावर मी काय बोलू?

गंभीर उत्तर असे. प्रोबायोटिकचा, म्हणजे उपयोगी जिवाणू औषधासारखे देण्याचा, विचार आमच्या शास्त्राने झटकून टाकलेला नाही. चंडीगढच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने २०१४ मध्ये सिरॉसिसच्या रुग्णांवर ठरावीक जिवाणूंच्या मिश्रणाची चाचणी प्रसिद्ध केली. त्यात रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण कमी झाले. मात्र ज्या मुख्य प्रश्नासाठी ती आखली होती, म्हणजे भ्रमाचा झटका टळतो काय, त्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. तो निष्कर्ष त्या मिश्रणाचा आणि त्या मात्रेचा आहे. दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही डबीला तो लावता येत नाही. शौचाच्या नमुन्यावरून यकृताच्या रुग्णाचा उपचार ठरवावा, इतके ज्ञान आज कोणाकडेही नाही. अंबडच्या मित्रांच्या 'तपासता येते का' या प्रश्नाचेही तेच उत्तर आहे.

ताक आणि आंबील जरूर घ्यावी. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर त्यात मीठ घालू नये, एवढेच. गुळवेलीच्या बाबतीत मात्र मी कठोर आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिच्यावर वाद झाला हे मला माहीत आहे. तरीही आधीच दुखावलेल्या यकृताच्या माणसाने कोणताही काढा डॉक्टरांना न सांगता घेऊ नये.

प्रयोगशाळा

पित्ताचा उल्लेख राहिला आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते आणि ती चरबी पचवण्यासाठी आतड्यात सोडते. त्यांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषली जाऊन यकृताकडे येतात. उरलेली मोठ्या आतड्यात जातात, तेथे जिवाणू त्यांचे रूप बदलतात आणि दुय्यम पित्ताम्ले तयार होतात. ही आम्ले साबणासारखी तर वागतातच, शिवाय निरोपही पोहोचवतात. आतड्याच्या आणि यकृताच्या पेशींत एफएक्सआर नावाचा ग्राहक असतो. त्याला पित्ताम्ल भेटले की तो यकृताला पित्त बनवणे आवरायला सांगतो आणि साखर-चरबीच्या व्यवहारातही हात घालतो. जिवाणू बदलले की पित्ताम्लांची जात बदलते आणि मग निरोपही बदलतो.

उलट दिशेनेही तसेच आहे. पित्त जंतूंना आवरते. सिरॉसिसमध्ये आतड्यात पित्त कमी पोहोचते आणि मग नको ते पाहुणे वस्तीला येतात. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी सिरॉसिसच्या ९८ रुग्णांची निरोगी लोकांशी तुलना केली, तेव्हा रुग्णांच्या आतड्यात वाढलेले बरेचसे जिवाणू मूळचे तोंडातले, म्हणजे व्हेलोनेला, स्ट्रेप्टोकॉकस अशा जातींचे, निघाले. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत अनपेक्षित तपशील वाटतो.

गोदाकाठ

प्रयोगशाळा, हे वाचून मी थबकले. भाऊजी चाळीस वर्षे मिश्री लावतात आणि त्यांच्या हिरड्यांतून रक्त येते. दातांच्या डॉक्टरकडे जायचे म्हटले की 'यकृत सांभाळू की दात' असे म्हणून ते विषय टाळतात.

स्टेथोस्कोप

दोन्ही सांभाळावेत. हिरड्यांचे उपचार केल्यावर सिरॉसिसच्या रुग्णांच्या रक्तातले जिवाणूजन्य विष कमी झाल्याचे आणि त्यांच्या बौद्धिक चाचण्या सुधारल्याचे अमेरिकेतल्या एका लहान अभ्यासात आढळले होते. लहान असला तरी त्यात तोटा काही नाही. मिश्री तर एरवीही बंदच करावी. फक्त दात काढण्यापूर्वी रक्त गोठण्याची तपासणी आणि प्लेटलेट पाहून घ्यावेत, आणि दंतवैद्याला सिरॉसिस असल्याचे आधी सांगावे.

बागाईतदार

मी दिल्लीत निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाला देऊन दारूच्या काविळीचे रुग्ण वाचवल्याचे वाचले होते. पुतण्याच्या बापाला सांगितले तर त्याने मला घराबाहेर काढले. हे खरे आहे का?

स्टेथोस्कोप

खरे आहे, पण बापाचा रागही समजण्यासारखा आहे. दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेने २०१७ मध्ये आठ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दारूमुळे तीव्र हेपॅटायटिस झालेले, स्टेरॉइड देता न येणारे असे ते पुरुष होते. त्यांना निरोगी दात्याच्या विष्ठेतील जिवाणू नाकातून घातलेल्या नळीवाटे आठवडाभर दिले. वर्षानंतर आठांपैकी सात जण जिवंत होते; त्याआधीच्या तशाच रुग्णांमध्ये साधारण तिघांपैकी एकच वर्ष काढत असे. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण रुग्ण आठच होते आणि तुलना जुन्या नोंदींशी होती. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की दात्याच्या विष्ठेतून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलायमुळे एक रुग्ण दगावला. म्हणून दात्याची काटेकोर तपासणी करणाऱ्या केंद्रातच, आणि शक्यतो अभ्यासाचा भाग म्हणून, हे करावे. घरी मिक्सरमध्ये करून पाहण्याचे व्हिडिओ फिरत आहेत, त्यांकडे पाहू नका.

अंबड_सेकंडशिफ्ट

मी कपाटातला कागद बाहेर काढला आहे. तपासणी नाही, पूड नाही, तर मग मी नेमके काय करावे? आमच्या कॅन्टीनमध्ये रात्री पाव, बटाटेवडा आणि गोड चहा एवढेच मिळते.

स्टेथोस्कोप

फायब्रोस्कॅन नावाची तपासणी करून घ्यावी. ती यकृत किती कडक झाले हे सांगते. सोनोग्राफीतल्या 'ग्रेड'वरून ते कळत नाही. साखर आणि चरबीची तपासणीही करावी. वजनाच्या ७ ते १० टक्के घट झाली तर यकृताचा दाह उतरतो, आणि काहींचे तंतूही कमी होतात. तुमचे वजन ८५ किलो असेल तर सहा ते साडेआठ किलो. सर्वांत आधी गोड चहा आणि बाटलीतली शीतपेये थांबवावीत. जास्त प्रमाणात घेतलेली फ्रुक्टोज (नेहमीच्या साखरेचा एक घटक) लहान आतड्यात पुरती शोषली जात नाही, ती जिवाणूंपर्यंत पोहोचते, ते तिचे ॲसिटेट बनवतात आणि यकृत त्यापासून चरबी बनवते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. बिनसाखरेची कॉफी मात्र घेता येईल. कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृतातले तंतू कमी आढळतात, आणि ही गोष्ट अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसली आहे.

बागाईतदार

आणि कांदा? आमच्या लासलगावचा भाव पडला की निदान खाऊन तरी संपवावा म्हणतो.

प्रयोगशाळा

खा. कांद्यात फ्रुक्टान नावाचा चोथ्याचा प्रकार असतो. तो आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात आणि ब्युटिरेट वगैरे लहान साखळीची आम्ले तयार करतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे आवडते इंधन आहे. ते मिळाले की भिंत घट्ट राहते. ज्यांना कांद्याने पोट फुगते त्यांनी नागली, ज्वारी, हरभरा यांवर भर द्यावा. फक्त भजी करून खाल्लेला कांदा या हिशेबात धरू नये.

गोदाकाठ

एक शेवटची शंका आहे. लॅक्टुलोज इतके गोड आहे आणि भाऊजींना मधुमेह आहे, म्हणून जाऊबाई ते चमच्यात घेताना हात आखडतात. त्याने साखर वाढते का?

स्टेथोस्कोप

ती साखर रक्तात जवळजवळ शोषली जात नाही. सिरपमध्ये थोडे लॅक्टोज आणि गॅलॅक्टोज असते, त्यामुळे मोठी मात्रा असेल तर घरच्या यंत्रावर काही दिवस साखर तपासून पाहावी; परंतु त्यासाठी मात्रा कमी करू नये. गोडी नको वाटली तर पाण्यात मिसळून द्यावे. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी मात्र कोणी देऊ नये. अशा रुग्णाचा दिवस-रात्रीचा क्रम उलटणे हेच भ्रमाचे पहिले लक्षण असते, आणि गोळीने ते झाकले जाते.

गोदाकाठ

आभारी आहे. जाऊबाईंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली किती वेळा शौच झाले त्याचा आकडा मांडायला सुरुवात केली आहे आणि त्याच चौकटीत भाऊजींची सही घेतात. ते कुरकुरतात, पण करतात. गेल्या मंगळवारी आकडा शून्य होता आणि बुधवारी आडनावातला 'क' शेजारच्या अक्षरावर कलला होता. त्याच दुपारी डॉक्टरांना फोन करून मात्रा वाढवली. आजची सही सरळ आहे.